नाव कमी केल्याचा दाखला

गिरगाव, ११ जानेवारी २०२५

तिसऱ्यांदा वायर उपटली, वीस आकडे मोजले, परत लावली. दिवा लागला, आतला पंखा फिरू लागला. टीव्हीवर तेच इंग्रजी वाक्य आलं. फोल्डर सापडत नाही. मग कागद घेऊन बसलो.

मायना घातलेला नाही. कुठला घालावा ते ठरेना.

कपाटावरची पेटी बिघडली आहे. चालू आहे, पण काही देत नाही. तू ती बसवलीस तेव्हा सांगितलं होतंस की सगळ्यांच्या फायली तिच्यात राहतील आणि टीव्हीला, लॅपटॉपला, फोनला तिथून मिळतील. चार वर्षं मिळाल्या. सोमवारपासून मिळत नाहीत. आपोआप झालं.

माझ्या कामाचं सोड. प्रूफ हल्ली महिन्याला एखादं येतं, ते कागदावर तपासतो. प्रश्न बकुळाचा आहे. चार वाजता चहा घेऊन ती टीव्हीसमोर बसते आणि अनिशचं वाचन लावते. तो गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. तू इथे होतीस तेव्हा तूच लावून द्यायचीस, मग ती शिकली. सोमवारी तिने रिमोट चारपाच वेळा दाबला आणि मला हाक मारली. "अहो, हा आज बोलत का नाही?"

मी म्हटलं, यंत्र आहे, होईल नीट.

एक्केचाळीस ध्वनिमुद्रणं आहेत, तूच तुझ्या फोनवर केलेली. तो खाटेवरून त्या इंजिनिअरच्या पुस्तकाची हस्तलिखित पानं वाचतो आहे, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट, आणि मी प्रुफावर पेन्सिल धरून बसलो आहे. इमारतींची गळती, तिची कारणं आणि उपाय. आमच्याकडे त्याचा आवाज म्हणून एवढाच आहे. तुमच्या लग्नाच्या चित्रफितीत तो नुसता हसतो.

काय करायचं ते कळव. पत्रानेच कळव. फोनवर मी कसा बोलतो ते तुला नोव्हेंबरात कळलं आहे. बकुळाच्या फोनवर काही पाठवू नकोस. तुझा पुण्याचा पत्ता तू रेशन कार्डाच्या अर्जासाठी धाडला होतास, त्यावरून घेतला.

हेमचंद्र


गिरगाव, २० जानेवारी

तुझे चार प्रश्न मिळाले. क्रमाने उत्तरं देतो.

पहिला. पुढचा दिवा निळा आहे, स्थिर आहे, लुकलुकत नाही. त्याच्या खालचे दोन छोटे दिवे हिरवे. म्हणजे दोन्ही डिस्क जाग्या आहेत, असं तू लिहिलं आहेस. बरं वाटलं. एक डिस्क गेली तरी दुसरीत तेच असतं, हे तू तेव्हाही सांगितलं होतंस. तेवढं माझ्या लक्षात राहिलं आहे.

दुसरा. राउटरमधून पेटीकडे जाणारी वायर घट्ट आहे. काढून पुन्हा लावली, टक् असा आवाज येईपर्यंत. आपल्या केबलवाल्या हितेंद्रने डिसेंबरात राउटर बदलला का, असं तू विचारतेस. नाही. जुनाच आहे, त्याच्यावर तू चिकटवलेला कागद अजून आहे.

तिसरा. तू दिलेला पेटीचा क्रमांक लॅपटॉपवर टाइप केला. पान उघडलं. नाव आणि पासवर्ड मागतं आहे. म्हणजे पेटी घरात सापडते, रस्ता बंद नाही, असं तुझ्या पत्रावरून मला समजलं.

चौथा प्रश्न उद्या पाहतो. आज डोळे दुखतात.

बकुळाने काल विचारलं, "दुरुस्तीला इतके दिवस? नवीन बांधताहेत की काय?" मी हितेंद्रवर ढकललं. तो जिन्यात भेटला तेव्हा तिने त्याला धरलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, पार्ट मागवलाय." कुठला पार्ट, ते तिने विचारलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या प्रितीच्या भिंतीला ओल आली आहे. गवंड्याने बाहेरून रंग काढायला सांगितला होता. बकुळा तिला म्हणाली, "रंगाने काही होणार नाही. आधी न्हाणीघराच्या लादीचे सांधे खरवडून घे, पाणी भरून चोवीस तास ठेव, आणि मग बघ." गवंडी आला, त्याने लादी ठोकून पाहिली आणि तेच केलं. प्रिती म्हणाली, "काकू, तुम्ही हे कुठे शिकलात?" बकुळा म्हणाली, "माझ्या मुलाने शिकवलं."

हे तुला सांगावंसं वाटलं.


गिरगाव, २७ जानेवारी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर. कॅलेंडरच्या पाठीवर तू लिहून ठेवलेला पासवर्ड घातला, अनिशच्या नावाने आत शिरलो आणि वापरणाऱ्यांची यादी उघडली. तुझ्या नावासमोर काही दिसत नाही.

टीव्ही तुझ्या नावाने आत जातो म्हणून विचारते आहेस, हे समजलं. दुसरा काही उपाय असेल तर कळव. टीव्हीला अनिशच्या नावाने आत जाता येईल का?

थंडी आहे. बकुळाचा गुडघा दुखतो. चार वाजता ती आता गॅलरीत बसते.


गिरगाव, ३ फेब्रुवारी

तू एकाच ओळीचं पत्र पाठवलंस. "बाबा, काही दिसत नाही म्हणजे माझं नाव आहे आणि त्याच्यासमोर काही नाही, की नावच नाही?"

नावच नाही.

मी काढायला लावलं. आपोआप काही झालेलं नाही.

सोमवारी, सहा तारखेला, मी शिधावाटप कार्यालयात गेलो होतो. तुला तिकडच्या कार्डात नाव घालायचं तर इकडून कमी केल्याचा दाखला लागतो. तू अर्ज सही करून नोव्हेंबरातच पाठवला होतास. तो मी दीड महिना टेबलाच्या काचेखाली ठेवला. मग वाटलं, ठेवून तरी काय होणार.

खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड उघडलं आणि विचारलं, "कारण काय लिहू? मयत की विवाह?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"आजोबा, चेष्टा नको. लाइन बघा मागे."

अनिशचं नाव कार्डावर तसंच होतं. दोन वर्षं मी ते काढलं नव्हतं. मृत्यूचा दाखला पिशवीत होता, मी दिला. त्याने पट्टी ठेवली आणि दोन्ही नावांवर एका पाठोपाठ एक रेघ मारली. पट्टी हलवलीसुद्धा नाही, नुसती खाली सरकवली. शिक्का मारला. आता कार्डावर आम्ही दोघं आहोत.

घरी आलो. दारावरची तुझ्या नावाची पितळी पट्टी दोन स्क्रूंवर होती, ती काढली. अनिशची ठेवली. मग खाली जाऊन सोसायटीच्या वहीत राहणाऱ्यांच्या रकान्यातून तुझं नाव कमी करून घेतलं. त्या दिवशी हात थांबत नव्हता. दुपारी दोनला हितेंद्र आला, वरच्या मजल्याची वायर बघायला. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, पेटीत कुणाकुणाची नावं आहेत ते दाखव.

बकुळा आत झोपली होती. हितेंद्रने लॅपटॉपवर यादी काढली. चार नावं. अनिश, बकुळा, हेमचंद्र, नूपुर.

"काका, वहिनींचं काढू? पक्का?"

"काढ."

"इथे विचारतंय बघा. नाव काढलं तर त्यांचा फोल्डर पण जाणार. हो म्हणू?"

"तिचं तिच्याबरोबर जाऊ दे."

"काका, एकदा वहिनींना फोन करून..."

"हितेंद्र, घर माझं आहे."

त्याने हो दाबलं. फार वेळ लागला नाही. चहाचा कप भरलेला होता तो तसाच होता.

मग तो खूश होऊन म्हणाला, "काका, केवढी जागा मोकळी झाली! उद्या काकूंसाठी नाटकं आणून टाकतो." दुसऱ्या दिवशी त्याने आणून टाकली. मी हो म्हटलं. वाटलं, चार वाजता तिला दुसरं काही पाहायची सवय लागली तर बरंच आहे.

माझी समजूत अशी होती की अनिशचं ते अनिशच्या नावाखाली असणार. म्हणून त्याच्या नावाला हात लावला नव्हता. टीव्ही बंद झाला तेव्हा वाटलं, नाव काढल्यामुळे काहीतरी अडलं असेल, ते तुला न सांगता तुझ्याकडून सुटेल. परवा पहिल्यांदा त्याचा फोल्डर उघडून पाहिला. अकरा फायली. विम्याचे कागद, पगाराच्या पावत्या, मोटरसायकलच्या विक्रीचं पत्र. एवढंच. तो जे बोलला ते तुझ्या फोनवर बोलला, आणि तुझ्या फोनमधलं सगळं तुझ्या नावाखाली जात होतं. हे तू बसवतानाच सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

आता काय करायचं ते सांग. बकुळाला यातलं काहीही माहीत नाही.


गिरगाव, १२ फेब्रुवारी

तुझं पत्र शनिवारी आलं. हितेंद्र गुरुवारीच आला होता. धापा टाकत जिना चढला, चप्पल न काढता आत शिरला आणि पेटीची वायर उपटली. "वहिनींनी फोनवर मला झाडून काढलं, काका. आता ह्याच्यावर एक अक्षर पण टाकायचं नाही, चालूच करायचा नाही." त्याचा चेहरा उतरला होता. त्याला रागावू नकोस. त्याने विचारलं होतं.

बकुळा दारात उभी होती. म्हणाली, "पार्ट आला वाटतं." हितेंद्रने पेटी ओढणीसारख्या कसल्याशा कापडात गुंडाळली आणि आम्ही दोघं निघालो.

लॅमिंग्टन रोडला गेलेला डेटा काढून देणाऱ्यांचं एक दुकान आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिथे दर्शना नावाच्या बाई बसतात. चाळिशीच्या असतील. त्यांनी पेटी उघडण्याआधी मला बसवलं, पाणी दिलं आणि डॉक्टरांसारखे प्रश्न विचारले.

"कधी गेलं?"

"सहा जानेवारी."

"गेलं की काढलं?"

"काढलं."

"चुकून?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी म्हटलं, "बाई, दोन डिस्क आहेत. एकीतलं गेलं तरी दुसरीत असेल ना?"

"काका, एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगाची. पण तुम्ही पुसलं. ह्या दोघी एकमेकींचं बघून लिहितात. एकीत पुसलं की त्याच क्षणाला दुसरीतही पुसलं जातं."

मी तुझं म्हणणं चार वर्षं अर्धंच लक्षात ठेवलं होतं.

"पुसल्यावर काही नवीन टाकलंत?"

हितेंद्र म्हणाला, "नाटकं, मॅडम."

"किती?"

"दोनशेच्या वर असतील. काकूंसाठी."

"काकूंनी बघितली?"

"एक पण नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुसलेलं लगेच जात नाही, काका. फक्त त्या जागेवर रिकामी म्हणून पाटी लागते. नवीन माणूस राहायला येईपर्यंत जुनं सामान आत असतं. तुम्ही दोनशे माणसं राहायला पाठवलीत." मग म्हणाल्या, "आठवडा द्या. आणि कुठे दुसरी प्रत आहे का ते बघा. लोक विसरतात. जुना फोन असतो, पेन ड्राइव्ह असतो. ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांना विचारा."

म्हणून विचारतो. तुझ्याकडे प्रत आहे का? ज्या फोनवर केलंस तो फोन आहे का? त्यात एक जरी राहिलं असेल तरी पुरे. कुठलंही पान असू दे. गच्चीचं, टाकीचं, पन्हळींचं.

मी मागायला नको होतं हे मला कळतं. नोव्हेंबरात तू लग्नाची तारीख सांगायला फोन केलास तेव्हा मी तुला म्हटलं, इथे आता तुझं कुणी नाही, सामान असेल ते घेऊन जा. तू आलीस तेव्हा मी मुद्दाम वाचनालयात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा तुझं कपाट रिकामं होतं आणि पेटी जागेवर होती. बकुळा म्हणाली, "पेटी आईंना राहू दे म्हणाली." मी म्हटलं, जुनी झाली असेल, नको असेल तिला.

बकुळाला सांगायचं राहिलं आहे. रोज ठरवतो.


गिरगाव, २१ फेब्रुवारी

तुझं पत्र काल आलं. मी ते गॅलरीत उभ्याने वाचलं. त्यातला एक भाग पुन्हा लिहून काढतो, माझी समजूत बरोबर आहे ना हे पाहायला.

"बाबा, माझ्याकडे काही नाही. तो फोन मी दिवाळीत देऊन टाकला. देण्याआधी सगळं पेटीत आहे ना, ते दोनदा तपासलं. मी मुद्दाम प्रत घेतली नाही. तो आवाज आईंकडे असावा असं मला वाटलं. इथे नव्या घरात मी तो कुठे ठेवणार होते? कधी ऐकणार होते? तिकडे रोज चार वाजता कुणीतरी ऐकतंय, एवढं मला पुरत होतं."

समजूत बरोबर आहे. यात मला दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आज दर्शनाबाईंकडे गेलो होतो, एकटाच. एक्केचाळिसांपैकी नऊ तुकडे निघाले. सात नुसते खरखर करतात. एक उघडत नाही. एक वाजतो. एक मिनिट दहा सेकंदांचा आहे. त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि स्वतः उठून बाहेर गेल्या.

त्यात काय आहे ते लिहितो. हे तुझंही आहे.

आधी खोकला. अनिशचा. बराच वेळ. भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग तू. "बाबा, पाच मिनिटं थांबू या का? त्याला दम लागलाय."

मग मी. "एवढा परिच्छेद होऊ दे. पुढे."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो. तू म्हणतेस, "बाबा." फक्त तेवढंच.

मी म्हणतो, "पुढे वाच रे."

खाट करकरते. तो उठून बसत असावा. कागदाचा आवाज येतो आणि तुकडा संपतो.

तो त्यात एक शब्दही बोलत नाही. बोलायच्या आधीच संपतं.

मी ते चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी दर्शनाबाई आत आल्या. त्यांनी विचारलं, "काका, हेच हवं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी ते एका छोट्या पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं.

मी सगळ्यांना सांगत आलो की शेवटच्या महिन्यांत वाचन हा अनिशचा विरंगुळा होता. बकुळाला सांगितलं, बहिणीला सांगितलं, तेराव्याला आलेल्या प्रेसच्या मालकांना सांगितलं. मुलाने शेवटपर्यंत बापाला हातभार लावला. ते मान हलवायचे. तू तिथेच बसलेली असायचीस आणि तू कधी काही बोलली नाहीस.

पुस्तकाची घाई नव्हती. इंजिनिअरांनी तारीख दिलेली नव्हती, ते अमेरिकेत मुलीकडे गेले होते. माझे डोळेही तितके वाईट नव्हते. तो वाचत असला की घर नेहमीसारखं वाटायचं. तो थांबला की खोलीत औषधांचा वास यायचा. म्हणून मी त्याला थांबू देत नव्हतो. तिसऱ्या केमोनंतर एकदा तो मला म्हणाला होता, "बाबा, आज राहू दे ना." मी म्हटलं, दोनच पानं. आम्ही नऊ केली. त्या दिवशी तू रेकॉर्डिंग बंद करून बाहेर गेलीस आणि जिन्यात बसलीस. मी तुला विचारलं नाही का बसलीस. पान एकशे सदतीसपर्यंत आलो. पुढची पंचाहत्तर पानं मी एकट्याने तपासली आणि काही अडलं नाही.

मला वाटतं, नोव्हेंबरात मी तुला जे बोललो ते लग्नामुळे नव्हतं. त्या खोलीत काय चाललं होतं हे पाहिलेलं तूच एक माणूस होतीस. तू गेलीस की कुणी उरत नाही, असं मला वाटलं असावं. हे लिहिल्यावर वाचून पाहिलं. खरं वाटतं. आधी कधी सुचलं नव्हतं.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागून तुझ्यावर भार टाकायचा नाही.

उद्या सकाळी बकुळाला सगळं सांगणार आहे. नाव काढलं तेही, हो म्हटलं तेही. तुकडा ऐकवायचा की नाही ते ठरलेलं नाही. त्यात तिचा मुलगा आहे, पण त्यात मीही आहे. न ऐकवता ठेवून दिला तर तो आणखी एक लपवलेला होईल. ऐकवला तर चार वाजता तिच्याकडे काय राहील ते मला माहीत नाही. ती मघाशी विचारत होती, "रात्रीला पिठलं चालेल?" मी म्हटलं, चालेल. मला तेव्हाच सांगता आलं असतं.

दाखला सोबत जोडला आहे. मूळ प्रत आहे, जपून ठेव. तो दीड महिना माझ्याकडेच पडून होता. तुझं तिकडचं काम त्यामुळे अडलं असेल.


२२ फेब्रुवारी, सकाळ

पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून खाली लिहितो.

आठ वाजता बकुळाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी सांगत होतो तोवर ती निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "ऐकवा." मी लॅपटॉपवर तुकडा लावला. तिने एकदाच ऐकला. तुझा आवाज आला तेव्हा तिने हात वर केला, मी काही बोलू नये म्हणून. मी बोलत नव्हतो.

मग तिने हात धुतले आणि विचारलं, "नूपुरचा पत्ता कुठल्या कागदावर आहे?"

मी दिला. तिने तो स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ." पेन ड्राइव्ह मात्र तिने मागून घेतला आणि रुमालाच्या टोकाला बांधला. हे पत्र बरोबर नेशील का, असं मी विचारलं. म्हणाली, "तुमचं तुम्ही पोस्टात टाका."

सव्वानऊला ती टॅक्सीने दादरला गेली, पुण्याच्या बससाठी. एकटी ती आजवर कधी पुण्याला गेलेली नाही. दहा वाजता हितेंद्रने तिला फोन केला तेव्हा ती बसमध्ये बसली होती आणि खिडकीची जागा मिळाली होती.